घर घेतांना छपराची पारख



आमच्या वर्धा जिल्ह्यांत घरांचे सौदे बहुधा कोरड्या दिवसांत होतात. दिवाळीनंतर कापूस बाजारांत जातो, पौष-माघांत हातीं पैसा येतो, पुढें मुलांच्या परीक्षा आटोपतात, आणि मग पाडव्याचा किंवा अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त साधून इसार दिला जातो. त्या दिवसांत घर पाहावयास जावें तों आकाश निरभ्र, अंगण कोरडें, आणि भिंतींना नुकताच दिलेला रंग. छपराचें मुख्य काम पाणी अडविण्याचें. तें काम त्या वेळीं त्याच्याकडून कोणीच मागत नाहीं. परीक्षेला न बसवितांच विद्यार्थ्यास वरच्या वर्गांत घालावें, तशांतला हा प्रकार आहे. आणि उभा जन्म शाळेंत घालविलेल्या मजसारख्या माणसास तो खटकतो.

घर घेणारे गृहस्थ काय पाहतात? स्वयंपाकघर किती मोठें, देवघराचें तोंड कोणीकडे, नळाला पाणी किती वेळ येतें, शाळा नि बाजार किती दूर. हें सारें पाहिलेंच पाहिजे. परंतु मान वर करून छताकडे दोन मिनिटें टक लावून पाहणारा गृहस्थ मला दहांत एखादाच आढळला. गच्चीवर चढणारा त्याहून विरळा. आणि चढलाच तर तेथून गांव कसें दिसतें तें पाहून खालीं उतरतो.

आतां थोडें अंकगणित मांडतों. वर्धा जिल्ह्यांत वर्षाकाठीं साधारणपणें एक हजार मिलिमीटर किंवा त्याहून कांहींसा अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सारा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. तेव्हां १०० चौरस मीटरांच्या, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबानें सुमारें पावणेअकराशें चौरस फुटांच्या छपरावर एका वर्षांत एक लाख लिटर पाणी पडतें. हें पाणी घरांत येऊं न देतां अंगणांत उतरवून देणें, एवढीच छपराची नोकरी. शिवाय हेंच छप्पर मे महिन्यांत ४५ अंशांच्या उन्हांत दिवसभर तापतें आणि रात्रीं निवतें. तापलें कीं फुगतें, निवलें कीं आकसतें. रोजच्या या ओढाताणींत जुन्या सांध्यांना भेगा पडतात, आणि मृग बरसूं लागला कीं पाणी नेमक्या त्याच भेगा हुडकून काढतें.

कायदा या बाबतींत काय म्हणतो तेंहि ऐकून ठेवावें. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आपल्याकडे अजून चालूं आहे. त्याच्या ५५ व्या कलमाचा आशय असा कीं, मालमत्तेंतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनहि घेणाऱ्यास कळण्यासारखा नाहीं, तो विकणाऱ्यानें उघड केला पाहिजे. या वाक्याची मेख 'साधारण काळजी' या शब्दांत आहे. छतावरचा डाग मान वर केली असतां दिसतो. गच्चीवरची भेग चढून गेलें असतां दिसते. उद्यां न्यायालयांत उभें राहून 'मला सांगितलें नव्हतें' असें आपण म्हटलें, तर 'आपण पाहिलें कां नाहीं?' हा प्रश्न आधीं येणार. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यमापक घर पाहून जातो, त्यावरहि कित्येकांची भिस्त असते. तो बँकेसाठीं घराची किंमत ठरवितो; आपल्या उशाशीं पाणी गळेल कीं नाहीं हें सांगावयास तो आलेला नसतो.

माझ्या एका सहकारी शिक्षकांची गोष्ट सांगतों. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून त्यांनीं एका तालुक्याच्या गांवीं तीन खोल्यांचें स्लॅबचें घर घेतलें. घर तीस वर्षांपूर्वींचें, पण रंगरंगोटी अशी कीं नवें वाटावें. व्यवहार चैत्रांत झाला. आषाढांतल्या एका रात्रीं मधल्या खोलीच्या छताचा पाटाएवढा तुकडा, गिलाव्यासकट, नातवाच्या खाटेवर कोसळला. विजा कडाडूं लागल्या म्हणून पोर घाबरून आजीच्या कुशींत जाऊन निजलें होतें, एवढ्यानेंच निभावलें. सकाळीं पाहतात तों छतांतल्या सळया गंजून सुतळीसारख्या बारीक झालेल्या, आणि त्यांवर नव्या रंगाचे दोन थर. तो स्लॅब उतरवून नवा घालण्यांत धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठीं राखून ठेवलेला पैसा गेला. मुलगी हुशार होती. तिला एक वर्ष घरीं बसावें लागलें. विकणाऱ्यानें हें जाणूनबुजून केलें कीं त्यालाहि कल्पना नव्हती, हें मी सांगूं शकत नाहीं. पण ज्या गवंड्यानें नंतर तो स्लॅब उतरविला, तो म्हणाला कीं, चैत्रांत मला पांच मिनिटें बोलावलें असतें तरी काठीनें ठोकून सांगितलें असतें.

तेव्हां प्रश्न असा कीं, कोरड्या दिवसांत पावसाची साक्ष काढावी कशी? सुदैवानें पाणी जेथून येतें तेथें कांहीं ना कांहीं लिहून ठेवतें, आणि तें लिहिलेलें वाचतां येतें. बशींत सांडलेला चहा वाळला म्हणजे कडेला जशी तपकिरी रेघ उरते, तशी रेघ छतावर उमटते. एकीच्या आंत दुसरी, दुसरीच्या आंत तिसरी अशा रेघा दिसल्या तर पाणी एकदां नव्हे, अनेकदां आलें आहे. भिंतीच्या माथ्याशीं गिलावा फुगून पोपडे आलेले असणें, त्यावर मिठासारखा पांढरा लोणा फुटलेला असणें, पंख्याच्या आंकड्याभोंवतीं गंजाचें कडें असणें, ह्या सर्व त्याच हातच्या खुणा. नव्या रंगानें त्या झांकल्या जातात हें खरें; पण रंग देणारा माणूस सगळीकडे रंग देत नाहीं. कपाटाच्या आंतली भिंत, माळ्याच्या वरचें छत, जिन्यावरची खोली, अडगळीची कोठी, न्हाणीघराचा कोंपरा, या जागा तो बहुधा वगळतो. म्हणून दिवाणखान्यांत कमी वेळ घालवावा आणि अडगळींत अधिक. घरांतल्या चार खोल्यांपैकीं एकाच खोलीचें छत नवें कोरें दिसत असेल, तर तेथें थांबून कारण विचारावें. लांकडी किंवा प्लॅस्टरचें शोभेचें छत खालून लावलेलें असेल तर त्यांतली एक फळी उघडून वरचें मूळ छत पाहावयास मागावें. नकार आला तर तेंच उत्तर समजावें.

माणसांकडूनहि पुष्कळ कळतें. भाडेकरू असेल तर त्याचा पलंग कोठें आहे तें पाहावें. भिंतीला जागा मोकळी असतांना पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला असला, तर त्याला कारण असतें. माळ्यावर घडी करून ठेवलेलें प्लॅस्टिकचें मोठें कापड, कोपऱ्यांत विनाकारण ठेवलेलीं दोन घमेलीं, हींहि बोलतात. मी स्वतः शेजारच्या मुलांना विचारतों, 'पावसांत या घरचीं माणसें कोठें निजतात रे?' मुलें खरें सांगतात. विकणाऱ्याच्या स्वतःच्या मुलांना मात्र हा प्रश्न विचारूं नये. बापाचें गुपित मुलाच्या तोंडून काढणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

येथें एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. आमच्या विदर्भांत उन्हाळ्याचे तीन महिने घरोघर कूलर लावलेले असतात. त्यांतलें पाणी ठिबकून खिडकीखालची भिंत ओली होते, तिलाहि लोणा लागतो. हा दोष छपराचा नव्हे. ओल खालून वर चढलेली आहे कीं वरून खालीं उतरलेली, हें पाहिलें म्हणजे घोटाळा होत नाहीं. पायांतून चढणारी ओल साधारणपणें कमरेच्या उंचीपर्यंत असते. छपराची ओल माथ्याशीं दाट आणि खालीं विरळ होत जाते. उगाच कूलरच्या डागासाठीं विकणाऱ्यावर आळ घेऊं नये.

आतां स्लॅबकडे वळूं. हल्लीं घर म्हटलें कीं स्लॅबचें, आणि स्लॅबचें म्हटलें कीं पक्कें, असा समज रूढ झाला आहे. हा 'पक्कें' शब्द फार फसवा. कवेलूचें छप्पर बिघडलें तर तें लगेच गळून सांगतें. स्लॅब वर्षानुवर्षें आंतून कुजत राहतो आणि वरून हंसतमुख दिसतो. कुजण्याची रीत अशी. सळयांवर खालच्या बाजूनें सिमेंट-वाळू-गिट्टीचें जें आवरण असतें तें दोन सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनहि कमी जाड असतें. काम हयगयीनें झालें असेल तर तेंहि नसतें. त्यांतून पाणी आणि हवा आंत गेली कीं लोखंड गंजतें. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो; त्याला जागा लागते म्हणून तो सभोंवतालचें काँक्रीट ढकलून फोडतो. भेग पडली कीं आणखी पाणी, आणखी गंज. म्हणून छतावर सळईच्या ओळीनें सरळ जाणारी भेग दिसली तर ती गंभीर समजावी. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक रेषा असतात त्यांचें एवढें भय नाहीं. नंतर एक लांब काठी घेऊन तिच्या टोकानें छत सावकाश ठोकीत जावें. चांगल्या छताचा आवाज टणक येतो. सुटलेल्या भागाचा पोकळ, जसा फुटक्या माठाचा येतो. ठोकतांना थेट त्याच्या खालीं उभें राहूं नये आणि मुलांना बाहेर काढावें. हें काम अनुभवी गवंड्यास सोबत नेऊन करविलें तर उत्तम. त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी, ती वायां जात नाहीं.

गच्चीवर दुपारच्या उन्हांत न जातां सकाळीं जावें. वाळलेल्या चिखलाचीं आणि काळ्या शेवाळाचीं वर्तुळें जेथें दिसतील तेथें पाणी साचतें, म्हणजे उतार बरोबर नाहीं. उतार साधारण शंभर सेंटिमीटरांना एक सेंटिमीटर इतका तरी असावा. पाणी खालीं नेणारा नळ किती जाड आहे, आणि त्याच्या तोंडाशीं कडुनिंबाचीं पानें व कबुतरांचीं पिसें तुंबलेलीं नाहींत ना, हें पाहावें. गच्ची आणि कठड्याची भिंत जेथें मिळतात तो सांधा सर्वांत नाजूक. जाणते गवंडी तेथें काटकोन न ठेवतां गोलाई देतात. त्या सांध्यांतून पिंपळाचें किंवा उंबराचें रोप डोकावत असेल तर त्याचें मूळ आंत किती गेलें आहे याची चौकशी करावी. वरून उपटून टाकल्यानें भागत नाहीं. हजार लिटरची टाकी भरली कीं तिचें वजन एक टन होतें. ती तुळईवर किंवा भिंतीवर ठेवलेली आहे, कीं स्लॅबच्या मधोमध? अलीकडे सौर वीज घेण्यासाठीं गच्चीवर पट्ट्या बसवितात. वीज मिळते ही चांगली गोष्ट. पण त्या सांगाड्याच्या पायांसाठीं स्लॅबला भोकें पाडलीं असल्यास तीं कशीं बुजविलीं आहेत तें वांकून पाहावें.

गळती थांबविण्यासाठीं जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवीत जाण्याची एक खोड आहे. विटांच्या तुकड्यांचा नि चुनखडीचा किंवा सिमेंटाचा दहा सेंटिमीटर जाडीचा थर चौरस मीटरला सुमारें दोनशें किलो भरतो. असे दोन-तीन थर ज्या जुन्या स्लॅबवर चढले असतील तो स्लॅब गळत नसला तरी दबलेला आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीची उंची पाहिली म्हणजे हें ओळखतां येतें: बाकीच्या पायऱ्या सारख्या आणि शेवटची भलतीच ठेंगणी असेल, तर गच्ची वर चढत आलेली आहे.

वैशाखांत पावसाची परीक्षा घेण्याचा एक मार्ग आहे. घरमालकाची परवानगी घेऊन, नळाचीं तोंडें बोळे घालून बंद करावीं आणि गच्चीवर अडीच-तीन सेंटिमीटर पाणी चोवीस तास उभें ठेवावें. आमच्याकडे त्या दिवसांत उन्हानेंच बरेंच पाणी उडून जातें. म्हणून पाण्याची पातळी उतरली यावरून निर्णय न करतां खालीं छताकडे पाहावें. कोठें ओल उमटली तर खडूनें तिच्याभोंवतीं रेघ मारून ठेवावी. मात्र ज्या छताचे तुकडे सुटूं लागले आहेत त्यावर हा प्रयोग मुळींच करूं नये. शिवाय पाण्याच्या टंचाईच्या गांवीं दोन-अडीच हजार लिटर पाणी असें खर्च करणें शोभत नाहीं; तेथें गवंड्याच्या काठीवरच भागवावें.

आणखी एक गोष्ट आमच्या काळ्या जमिनीची. रेगडी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात शिरेल अशा भेगा पडून आकसते. पाया उथळ असेल तर तिच्याबरोबर घरहि हलतें. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी वर चढत गेलेली भेग छतापर्यंत पोंचली असेल, तर तो रोग छपराचा नसून पायाचा आहे. वर कितीहि डांबर ओता, दर वर्षीं तीच भेग पुन्हां उघडेल. असें घर सोडून द्यावें, असेंच माझें मत आहे.

कवेलूच्या घरांची गोष्ट निराळी, आणि तिच्याविषयीं मला थोडें सविस्तर बोलावयाचें आहे, कारण तीं घरें आतां भराभर पडत चाललीं आहेत. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी वर्ध्याहून पायीं चालत शेगांवास राहावयास आले. त्याच गांवाचें पुढें १९४० सालीं सेवाग्राम झालें. तेथें बांधावयाच्या घराला पांचशें रुपयांहून अधिक खर्च होऊं नये आणि सामान आसपासचेंच असावें, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लांकूड आणि गांवच्या कुंभाराचीं कवेलू. 'आदिनिवास' आणि 'बापूकुटी' या दोन्ही झोंपड्या आज नव्वद वर्षांच्या घरांत आल्या तरी उभ्या आहेत. पाहावयास गेलांत तर त्यांच्या छपराकडे जरा निरखून पाहा. पाखें उतरतीं आहेत, आणि वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढें आलेली आहे, त्यामुळें मातीच्या भिंतीला पावसाचा सपकारा लागत नाहीं. अशा छपराला दर वर्षीं माणसाचा हात मात्र लागावा लागतो. ज्येष्ठापूर्वीं घर शाकारलें, फुटकीं कवेलू बदललीं, सरकलेलीं नीट बसविलीं, तर तें पिढ्यान् पिढ्या टिकतें. दोन वर्षें दुर्लक्ष केलें तर लांकूड कुजूं लागतें.

कवेलूचें घर पाहावयास भर दुपारीं जावें, दारें-खिडक्या लावून घ्याव्या आणि अंधाऱ्या खोलींत उभें राहून वर पाहावें. जेथें जेथें उजेडाचा ठिपका दिसेल तेथें तेथें पाणी येईल. हे ठिपके दहा-वीस असले तरी घाबरण्याचें कारण नाहीं. वानरांच्या एका टोळीनें एका सकाळीं एवढें नुकसान करावें, हें आमच्याकडे नवल नाहीं. घराशेजारीं चिंचेचें किंवा आंब्याचें मोठें झाड असेल तर हा खर्च दर वर्षींचा धरावा. खरी पारख लांकडाची. रस्त्यावर थोडें दूर उभें राहून आढ्याची रेघ पाहावी. ती सरळ असली तर निम्मी चिंता मिटली. थकल्या बैलाच्या पाठीसारखी मधें खचलेली असली तर आढें किंवा त्याखालची तुळई थकली आहे. वांसे जेथें भिंतींत शिरतात तीं टोकें आधीं कुजतात, कारण तेथें ओल टिकते आणि वारा लागत नाहीं. तेथें टोचा मारून पाहावा. सागाच्या निरोगी लांकडांत तो केवळ टेकतो. कुजक्यांत भाकरींत बोट शिरावें तसा शिरतो. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या असतील तर ती वाळवी, जिला आमच्या बोलींत उधई म्हणतात. वांशाखालीं पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा. शेवटीं भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडावा. वांशांच्या रेट्यानें भिंत बाहेर झुकलेली असेल तर दुरुस्ती मोठी आहे.

सेलू तालुक्यांतल्या एका खेड्यांत असेंच एक जुनें घर विक्रीस होतें. अर्धीं कवेलू फुटलेलीं, आंत वटवाघळांचा वास, गांवांत सगळे त्याला पडकें म्हणत. एका तरुण जोडप्यानें माझ्या ओळखीच्या सुताराला नेऊन तें दाखविलें. म्हातारा सुतार तासभर टोचा मारीत फिरला आणि म्हणाला, 'लांकूड माझ्याहून तरणं आहे.' त्यांनीं घर मातीमोल भावानें घेतलें, पडलेल्या दुसऱ्या घराचीं जुनीं कवेलू आणून शाकारलें, आणि आज मे महिन्यांत माझ्या स्लॅबच्या घराहून त्यांची ओसरी कितीतरी थंड असते. अर्थात् एक अडचण खरी आहे. कवेलू घडविणारे कुंभार आतां थोडे उरले, शाकारणी जाणणारे हात त्याहून थोडे. म्हणून असें घर घेण्याआधीं सौदा घराचा न करतां त्या कारागिरांचा पत्ता आधीं काढावा. इंग्रजी कवेलूचें, म्हणजे सपाट मंगलोरी कवेलूचें, घर असेल तर त्या मापाचीं कवेलू अजून मिळतात कीं नाहीं याचीहि चौकशी करावी; सगळ्या कारखान्यांच्या खांचा एकमेकींत बसतातच असें नाहीं.

टिनांविषयीं थोडक्यांत. पत्र्याचे स्क्रू नळीच्या उंचवट्यावर असावे, खळग्यांत नसावे. खळग्यांतून पाणी वाहतें. पत्र्यावर दगड ठेवलेले दिसले तर खालची पकड ढिली आहे असें समजावें. आमच्याकडे चैत्र-वैशाखांतल्या वादळांत पत्रे उडतात, आणि मग ते दगडहि खालीं येतात. सिमेंटचे जुने नळीदार पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतें. ते फोडतांना वा कापतांना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक आहे, तेव्हां ते उतरविण्याचा खर्च वेगळा धरावा.

शहरांत सदनिका घेणाऱ्यांना वाटतें, छप्पर आपलें नाहीं तर चिंता कसली? सर्वांत वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्यानें तरी असें म्हणूं नये. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पावसाच्या पाण्यानें होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेनें करावयाची असते. पण संस्थेच्या तिजोरींत पैसा आहे कीं नाहीं, आणि गेल्या तीन वर्षांच्या सभांच्या इतिवृत्तांत गच्चीचा विषय किती वेळां आला, हें पाहावें. तें इतिवृत्त छताहून स्पष्ट बोलतें. नवी सदनिका बांधणाऱ्याकडून घेत असाल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांतील दोष दाखवून दिल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. तक्रार मात्र लेखी द्यावी आणि पोंच घ्यावी.

दोष सांपडला म्हणजे घर टाकूनच द्यावें असें नाहीं. निर्दोष जुनें घर मला अजून भेटावयाचें आहे. गवंड्याकडून किंवा सुताराकडून दुरुस्तीचा खर्च कागदावर मांडून घ्यावा, आणि तो इसार देण्यापूर्वीं विकणाऱ्यापुढें ठेवावा. इसार दिल्यावर ठेवलेल्या कागदाला फारसा मान मिळत नाहीं. दोन्ही बाजूंचीं माणसें समंजस असतील तर आणखीहि एक करतां येतें: इसार वैशाखांत द्यावा आणि खरेदीखताची तारीख आषाढांत ठरवावी, म्हणजे मधें पाऊस आपले काम करून जातो. हिंगणघाटच्या माझ्या एका परिचित व्यापाऱ्यानें असेंच ठरवून घेतलें होतें. पहिला मोठा पाऊस रात्रीं नऊ वाजतां सुरू झाला. गृहस्थ छत्री घेऊन त्या घरीं गेले. विकणारा वयस्क मनुष्य, त्यानें न रागावतां दार उघडलें, चहा ठेवावयास सांगितलें, आणि दोघेहि कंदील व विजेरी घेऊन खोल्याखोल्यांतून तासभर हिंडले. तीन खोल्या कोरड्या निघाल्या. चौथींत, उत्तरेच्या कोपऱ्यांत, थेंब पडत होता. विकणारा म्हणाला, 'गेल्या वर्षीं हा नव्हता.' व्यापारी म्हणाले, 'नसेलहि.' तेथेंच बसून त्यांनीं त्या कोपऱ्याचा आकडा ठरविला, किंमतींतून वजा केला, आणि पंधरा दिवसांनीं खरेदीखत नोंदविलें.